प्रबंधाची नोंद: पुस्तक म्हणून की हस्तलिखित म्हणून?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनानं छापलं. कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी त्यांना मिळाली १९२७ साली. प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्याशिवाय तिथे पदवी हाती पडत नसे. म्हणजे जे पुस्तक, तोच प्रबंध. ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) मात्र त्याची नुसती 'पुस्तक' एवढीच नोंद झाली, तर हे लेखन एका पदवीसाठी झालं होतं हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. म्हणूनच तालिकाकार मुख्य नोंदीखाली एक वेगळी टीप देतो: कोणती पदवी, कोणतं विद्यापीठ, कोणतं वर्ष. ही एक ओळ मला प्रबंधाच्या नोंदीचा प्राण वाटते.

प्रबंध छापून घेण्याची ही चाल मूळची युरोपातली. प्रबंध छापील असल्यामुळे त्यांच्या याद्या करणंही सोपं गेलं. जर्मन विद्यापीठांची वार्षिक सूची १८८५ पासून सुरू झाली, फ्रान्सची त्याच सुमाराला. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९१२ ते १९३८ या वर्षांत छापलेल्या प्रबंधांच्या याद्या काढल्या. छपाईचा खर्च विद्यार्थ्यांना जड जात होता. १९३८ मध्येच यूजीन पॉवर यांनी अ‍ॅन आर्बर इथे प्रबंध मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांच्या सूक्ष्म छायाचित्रांच्या फितीवर उतरवून मागणीप्रमाणे प्रती पुरवायला सुरुवात केली आणि छपाईला पर्याय मिळाला.

आपल्याकडचा प्रबंध बहुधा टंकलिखितच राहिला. कार्बन लावून काढलेल्या मोजक्या प्रती, रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. एक प्रत मार्गदर्शकाकडे, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. प्रकाशक नाही, किंमत नाही, दुकानात मिळत नाही. मग याला म्हणायचं काय? १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन तालिका संहितेनं असा अप्रकाशित प्रबंध हस्तलिखिताच्या रांगेत बसवला: प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक गाळायचे, फक्त वर्ष द्यायचं. तालिकेच्या संगणकीय नोंदीच्या 'मार्क' (MARC) पद्धतीत वर सांगितलेल्या टिपेला ५०२ क्रमांकाचं स्वतंत्र क्षेत्र (फील्ड) मिळालं. मार्गदर्शकाचं नावही नोंदवता येतं. ते जरूर नोंदवावं, कारण आपल्याकडे 'अमुक सरांकडे झालेलं काम' अशीच प्रबंधांची ओळख पुष्कळदा सांगितली जाते.

एकेका ग्रंथालयाची तालिका पूर्ण झाली, तरी दुसऱ्या विद्यापीठात काय झालंय हे कळत नसे. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळानं, म्हणजे पुढच्या भारतीय विद्यापीठ संघानं, देशभरच्या प्रबंधांच्या सूच्या काढल्या. संघाच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' या नियतकालिकातही नव्या प्रबंधांच्या याद्या येत राहिल्या. २००० च्या सुमारास म्हैसूर विद्यापीठात 'विद्यानिधी' हा डिजिटल प्रयत्न सुरू झाला. २००९ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रबंधाची ई-प्रत देणं बंधनकारक केलं आणि विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राची 'शोधगंगा' ही प्रबंधांची ऑनलाइन कोठी उभी राहिली. आज गांधीनगरला असलेलं हे इन्फ्लिबनेट केंद्र १९९१ साली पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतला एक प्रकल्प म्हणून सुरू झालं होतं.

लाखो प्रबंध घरबसल्या उघडता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी मराठी प्रबंध शोधताना जीव मेटाकुटीला येतो. शीर्षक रोमन लिपीत भरलं, की 'ज्ञानेश्वरी'ची किती रूपं होतात पाहा: कुणी सुरुवात डी-एन-वायनं करतो, कुणी जे-एननं, हिंदीच्या सवयीनं कुणी जी-वायनं. एका रूपानं शोधलं की बाकीची निसटतात. कुठे शीर्षकाचं नुसतं इंग्रजी भाषांतरच दिलेलं असतं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संगणकीय पद्धत रुळण्याआधीचे प्रबंध जुन्या फाँटमध्ये टंकित झालेले आहेत. पडद्यावर ते देवनागरी दिसतात, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी उमटते. स्कॅन केलेली पानं तर निव्वळ चित्रंच.

यातल्या शीर्षकाच्या अडचणीवरचा उपाय मार्क पद्धतीत आधीपासून आहे. ८८० या क्षेत्रात मूळ लिपीतलं शीर्षक आणि लेखकाचं नाव जसंच्या तसं देता येतं आणि ते रोमन नोंदीशी जोडलेलं राहतं. ते भरायला मराठी वाचता येणारा तालिकाकार आणि प्रबंधाचं मुखपृष्ठ एवढंच लागतं.