जीर्ण, मृत की निद्रिस्त? पुनरुज्जीवनाच्या मराठी शब्दांची पार्श्वभूमी

गावच्या देवळासाठी वर्गणी गोळा होते तेव्हा पावतीपुस्तकावर ‘जीर्णोद्धार निधी’ असे छापलेले असते. बंद पडलेल्या साखर कारखान्याचा मात्र जीर्णोद्धार होत नाही. त्याचे पुनरुज्जीवन होते. पुन्हा उभे करण्यासाठी मराठीत असलेला प्रत्येक शब्द त्या वस्तूचे आधी काय झाले होते हे गृहीत धरतो. ती झिजली होती, मेली होती की नुसती झोपली होती, याचा निवाडा शब्द निवडतानाच होऊन जातो.

जीर्णोद्धारात देव तोच असतो, स्थान बहुधा तेच असते, झिजलेले असते ते बांधकाम. म्हणूनच गोव्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा शिलालेख लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. या देवाचे दिवाडी बेटावरील मूळ देऊळ पोर्तुगीजांनी १६व्या शतकात पाडले आणि लिंग नदीपलीकडे आणले गेले. तेथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधावयास घेतले, त्याला आज आपण सर्रास जीर्णोद्धार म्हणतो. प्रवेशद्वारावरील लेखात मात्र शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी तिथी देऊन ‘श्री शिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’ असे कोरलेले आहे. जुने देऊळ जीर्ण झालेले नव्हते, ते पाडले गेले होते. तेव्हा लेख लिहिणाऱ्याने योजलेला ‘प्रारंभ’ हा शब्द मला अधिक खरा वाटतो. मुंबईत इमारत ‘रिडेव्हलपमेंटला जाते’ तेव्हाही जुनी वास्तू समूळ जाते, पण ‘पुनर्विकास’ हा सरकारी शब्द त्याबद्दल काहीच बोलत नाही.

पुनरुज्जीवन या शब्दात मृत्यू गृहीत आहे, आणि महाराष्ट्रातील एका मोठ्या वादाचे मूळ नेमके तेथेच होते. समाजसुधारणेच्या प्रश्नांवर विचार करण्यासाठी १८८७ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक परिषदेला पुण्यातील १८९५ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात जागा देण्यावरून सुधारक आणि त्यांचे विरोधक यांच्यात तीव्र संघर्ष झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ च्या अमरावतीच्या परिषदेत, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सुधारणा हवी की पुनरुज्जीवन, हाच प्रश्न भाषणाचा विषय केला. भाषण इंग्रजीत होते. जुने पुन्हा जिवंत करायचे तर नेमके काय, असे विचारून त्यांनी नियोग (अपत्यासाठी पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाची योजना करण्याची प्रथा), पुत्रांचे बारा प्रकार, विवाहाचे आठ प्रकार अशी एकेक प्रथा श्रोत्यांपुढे ठेवली. समाज हा सजीव देह आहे, जे मेले, पुरले वा जाळले गेले ते कायमचे गेले, जुन्या द्रव्यातून नवे सजीव रूप घडवणे एवढेच शक्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुनरुज्जीवन या कल्पनेची इतकी कसून केलेली तपासणी मराठी माणसाने क्वचितच केली असेल, आणि आज हा शब्द नद्यांपासून नाट्यगृहांपर्यंत कशालाही लावताना ती आठवावी असे मनापासून वाटते.

‘प्रबोधन’ या शब्दाला मृत्यूची गरज नाही. प्रबोध म्हणजे जागे होणे. कार्तिक शुद्ध एकादशीला, चार महिन्यांच्या निद्रेनंतर विष्णू जागा होतो म्हणून, प्रबोधिनी एकादशी म्हणतात, आणि त्यामुळे हा संस्कृत शब्द पंचांग पाहणाऱ्या घरांतही रुळलेला होता. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ हे पाक्षिक काढले आणि ते स्वतःच ‘प्रबोधनकार’ झाले. तेथे जागे व्हायचे होते ते समाजाने. युरोपातील विद्येच्या नवजागरणालाही मराठी ग्रंथांतून प्रबोधनकाळ म्हणतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. या घटनेला बौद्ध धम्माचे पुनरुज्जीवन असेही म्हटले जाते, परंतु दीक्षाभूमीवर दर वर्षी जो दिवस पाळला जातो त्याचे नाव आहे धम्मचक्र प्रवर्तन दिन. हे चाक सारनाथला बुद्धांनी पहिल्यांदा फिरवले होते आणि नागपूरला ते पुढे फिरवले गेले, म्हणून अनेक जण आग्रहाने ‘अनुप्रवर्तन’ म्हणतात आणि निमंत्रणपत्रिकेवरही तसेच छापतात.