चिनीमातीची बरणी

चिनीमातीची बरणी : लोणची, मुरांबे, मीठ, चिंच टिकवण्यासाठी वापरायचे झिलईदार (वर काचेसारखा थर असलेले), जाड भांडे. ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतल्या चाळी आणि बैठी घरे पाडून टॉवर उभे राहू लागले, तशा माळ्यावरच्या बरण्या खाली उतरल्या. काही भंगारात गेल्या, काही वाशी-नेरुळच्या दिवाणखान्यांत शोभेला बसल्या. पाच शेर लोणचे मावणाऱ्या बरणीत कोरडी फुले खोचलेली पाहून जुन्या बायका हसतात, ते उगाच नव्हे.

सर्रास चिनीमातीची म्हणत असले, तरी घरगुती बरण्या बहुधा पोर्सेलिनच्या, म्हणजे खऱ्या चिनीमातीच्या, नसून स्टोनवेअर नावाच्या मातीच्या असतात. ही माती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत तिच्यातले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रे बुजतात. माठ याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजलेला असतो. पाझरणे हा त्याचा गुण, पण लोणच्याला तो मारक. खार आणि आंबटपणा पितळ-लोखंडाला खातात, बरणीच्या झिलईचे मात्र सहसा काही बिघडवत नाहीत. वरून दादरा (तोंडावरचे फडके) बांधला की वर्षाची बेगमी झाली.

मिठाची झिलई हा झिलईचा एक प्रकार. तिच्यासाठी तापलेल्या भट्टीत मीठ टाकतात; त्यातल्या सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर काचेचा पातळ थर चढवते. हा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणेदार लागतो. आपल्याकडे घरोघर दिसते ती वर तपकिरी, खाली दुधी अशी दुरंगी बरणी. तपकिरी रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. दोन रंगांच्या सीमेवर एखादा ओघळ गोठलेला असतो, तर कधी बुडाजवळ झिलईत बुडवताना धरलेल्या बोटांची खूण सापडते. जाणकाराला मोह पडतो तो इथे. निर्दोष, गुळगुळीत बरणी त्यामानाने मुकी वाटते.

घेताना पेराने टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवले की उडालेले टवके कळतात. झाकण मूळचे आहे का, हे रंग आणि बैठक जुळवून ताडावे, कारण सर्वांत आधी फुटते ते झाकणच. माती आणि झिलई कमीजास्त आकुंचन पावल्या की झिलईत चिरांची जाळी पडते. त्यात तेल मुरले तर खवट वास जाता जात नाही. अशी बरणी शोभेलाच ठेवावी. जोडकाम लपवलेले असल्यास अतिनील टॉर्चखाली आधुनिक गोंद बहुधा वेगळा चमकतो.

मोठ्या झिलईदार बरण्यांना ‘मर्तबान’ हे नाव ब्रह्मदेशातल्या बंदरावरून पडले. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने आले, मिरी, लिंबू आणि आंबे खारवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. भारतात कारखानदारी बरण्या सौराष्ट्रातल्या थानगड-वांकानेर पट्ट्यात आणि उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्यात मोठ्या प्रमाणावर बनल्या. बुडाशी ठसा असेल तर मूळ शोधणे सोपे. ठसा नसताना सांगितलेल्या ‘शंभर वर्षे जुनी’ या दाव्याला फारशी किंमत देऊ नये.

कलात्मक मृत्पात्रीची (मातीच्या भांड्यांच्या कलेची) वाट वेगळी. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात तिथले प्रमुख जॉर्ज टेरी यांच्या काळात, १८७० च्या दशकात, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी केलेली झिलईदार भांडी घडवली गेली. त्यांचे नमुने भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत.

नव्या भांड्यांसाठी नवी मुंबईकरांना बेलापूरच्या अर्बन हाटमधली हस्तकला प्रदर्शने सोयीची. रंगीत, कमी तापमानाला भाजलेले भांडे आवडले तर झिलईत शिसे आहे का, हे विचारून घ्यावे; आंबट पदार्थात ते उतरू शकते. विक्रेत्याला खात्रीने सांगता आले नाही, तर त्यात लोणचे घालू नये.