फेफरे चपलेने थांबत नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणाला फेफरे आले, की कुणीतरी हटकून चप्पल नाकाशी धरतो, दुसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो, आणि झटके थांबले की श्रेय चामड्याला व लोखंडाला मिळते. वस्तुतः मेंदूतील चेतापेशींचे समूह एकाच वेळी अनियंत्रित विद्युत्स्पंदने सोडू लागल्याने येणारा हा झटका बहुधा १ ते ३ मिनिटांत आपोआपच शमतो. चप्पल (तीही बहुधा दुसऱ्याची) शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. दातांत चमचा घालणे तर घातकच, कारण जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, घड्याळ पाहावे. ५ मिनिटे उलटली, तर १०८ क्रमांकावर फोन करावा.