आधी चाल करणारा जिंकतो का?

चेकर्सचा पट मांडताना माझी आठ वर्षांची भाची म्हणाली, "पहिली चाल माझी, मामा. आधी खेळणाराच जिंकतो." पंचवटीतल्या आमच्या घरी काळ्या सोंगट्यांना अपशकुनी म्हणणारेही आहेत. रंगाने डावात काहीही बदलत नाही. पहिल्या चालीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि 2007 पासून त्याचं पक्कं उत्तर आपल्याकडे आहे.

नियम पाच मिनिटांत कळतात. पट बुद्धिबळाचाच, पण खेळ फक्त 32 गडद घरांवर. प्रत्येकाच्या 12 सोंगट्या, आपापल्या पहिल्या तीन ओळींत. सोंगटी तिरकी पुढे एक घर सरकते. लगतच्या तिरक्या घरात समोरच्याची सोंगटी असेल आणि तिच्या पलीकडचं घर रिकामं असेल, तर वाघ-बकरीतल्या वाघासारखी उडी मारून ती उचलायची. पुढे आणखी उडी असेल तर तीही त्याच चालीत. मारता येत असेल तर मारावंच लागतं, म्हणून एक सोंगटी मुद्दाम देऊन दोन उचलता येतात. पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलेली सोंगटी राजा होते आणि मागेही चालू लागते. भाचीला सांगितलं, "हा आपल्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती." लगेच समजलं. ज्याला चाल उरत नाही, तो हरतो.

या शेवटच्या नियमापासूनच उलटं चालत जाता येतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी 1989 मध्ये 'चिनूक' हा प्रोग्राम हाती घेतला, त्यात हीच युक्ती आहे. ज्याची चाल आहे पण चालच उरलेली नाही, त्या मांडणीवर 'हार' लिहा. आता एक पाऊल मागे या. जिथून एक जरी चाल समोरच्याला 'हार'मध्ये नेते, ती 'जीत'. जिथून प्रत्येक चाल समोरच्याला 'जीत' देते, ती 'हार'. पुन्हा मागे, पुन्हा मागे. लिहिण्यासारखी एकही नवी खूण उरली नाही की ज्या मांडण्या कोऱ्या राहिल्या, त्या सगळ्या बरोबरीच्या! बरोबरी वेगळी शोधावीच लागत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. शिवाय मारलेली सोंगटी परत येत नाही, त्यामुळे तीन सोंगट्यांचं कोष्टक दोनच्या आधारावर उभं राहतं, चारचं तीनच्या.

असं करत 10 सोंगट्यांपर्यंतच्या सुमारे 39 लाख कोटी मांडण्या सोडवल्या गेल्या. दुसरीकडून, सुरुवातीच्या मांडणीपासून पुढे येत शोध या कोष्टकाला भिडवला. खेळातल्या एकूण मांडण्या पाचावर वीस शून्ये इतक्या, पण सगळ्या तपासाव्या लागल्या नाहीत. निकाल असा: दोघेही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.

हल्ली कुठल्याही प्रोग्रामला 'बुद्धी' म्हणायची घाई होते. ही सिद्धता मात्र चिकाटीने केलेली मोजदाद आहे. आधी 1992 मध्ये मॅरियन टिन्स्ली या गणिताच्या प्राध्यापकांनी चिनूकला हरवलं होतं, तेही असलं कोष्टक हाताशी नसताना.

भाचीबरोबर मी सध्या पूर्ण डाव मांडतच नाही. दोन राजे विरुद्ध एक राजा, एवढंच. आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर फिकं असतं. त्याला लागून असलेल्या दोन गडद घरांत एकटा राजा मागे-पुढे करत तग धरतो. काल त्याला तिथून बाहेर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली.