छातीत गाठ लागली तर: तपासणी, बायोप्सी आणि जनआरोग्य योजनेचे कागद

कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच आपल्याकडच्या बायका ती अंगावर काढतात. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या असतात हे खरं. पण साधी कोणती आणि घातक कोणती, हे घरी बसून ठरत नाही. गाठ हाताला लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखा स्राव आला किंवा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

काहीच त्रास नसला तरी वयाची ३० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईची उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासणी होते. आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरून घेतात. त्यांना टाळू नका. नुसत्या हाताने काय कळणार, असं अनेकींना वाटतं. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

गाठ लागली की पुढचा टप्पा जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरला पैसे लागत नाहीत, तिथे होणाऱ्या तपासण्याही मोफत आहेत. आधी डॉक्टर हाताने तपासतात, मग वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) होते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर बाय-रॅड्स असा आकडा असतो, कॅन्सरचा संशय किती ते तो सांगतो. ४ किंवा ५ आला तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करायचीच.

इथे पुष्कळ घरं अडतात. ‘सुई टोचली की गाठ पसरते’ हे ऐकून बायोप्सी टाळली जाते, किंवा कुणीतरी सरळ गाठच कापून टाकतं. दोन्ही चूक. जागा बधिर करून जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढे चार-पाच तुकडे घेतात. सुई सुटताना स्टेपलरसारखा ‘टक’ आवाज होतो, त्याने दचकू नका. तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत जातात. बाटलीवर नाव आणि डावी-उजवी बाजू बरोबर लिहिली आहे का, हे तिथेच बघा. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरतं.

बायोप्सी झाली त्याच दिवशी कागद जमवायला लागा, रिपोर्टची वाट बघू नका. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, आता पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशन कार्ड चालतं; कार्ड नसेल तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला. सोबत आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते सगळ्या कुटुंबाचं मिळून, माणशी नव्हे.

खरी अडचण नावाची. आमच्या मावशीचं आधार माहेरच्या नावाचं आणि रेशन कार्डात नावच चढवलेलं नव्हतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत खेटे घालण्यात आमचे अकरा दिवस गेले, आणि गाठ थांबत नसते. म्हणून आजच कार्ड काढून बघा, घरातल्या प्रत्येक बाईचं नाव त्यावर आहे का.

योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारे कर्मचारी, शोधा. त्यांचा कक्ष दर्शनी भागात असतो. ते कागद तपासून नोंदणी करतात. बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी ठरवलेले उपचार ऑनलाइन पाठवून रुग्णालय पूर्वमंजुरी घेतं. ती येईपर्यंत स्वतःच्या खिशातून भरणा करू नका. कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा. ऑपरेशनआधी आणखी एक विचारा: केमो आणि रेडिएशनही इथेच योजनेत होईल का? नसेल तर ते कुठे घ्यायचं, हे आधीच ठरवून घ्या. रुग्णालय बदलायची वेळ आली तर रिपोर्टच्या कागदाबरोबर बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. नवीन ठिकाणी ते पुन्हा तपासतात. ब्लॉक हातात असले तर दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागण्याची शक्यता कमी होते.