वू वकिलीणबाईंची स्मरणशक्ती आणि किंबाप

'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' ही मालिका २९ जून २०२२ रोजी दक्षिण कोरियातल्या ईएनए नावाच्या वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा त्या वाहिनीचं नाव तिथल्याही अनेकांनी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या भागाचा टीआरपी ०.९ टक्के होता. सोळाव्या आणि शेवटच्या भागापर्यंत तो १७.५ टक्क्यांवर पोचला. नेटफ्लिक्समुळे मालिका जगभर गेली, आपल्याकडच्या कोरियन मालिकांच्या भक्तांपर्यंतही आली आणि सगळीकडे वाद जवळपास एकच झाला. नायिका वू यंग-ऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वकील आहे आणि तिला कायद्याची पुस्तकं तोंडपाठ आहेत. काही प्रेक्षकांना वाटलं, स्वमग्न व्यक्तीला इतक्या मायेनं आणि मानानं कुणी दाखवलंच नव्हतं. काहींना, विशेषतः स्वमग्न मुलांच्या पालकांपैकी काहींना, ही गोजिरवाणी परीकथा वाटली.

आधी स्मरणशक्तीचं पाहू, कारण भांडण तिच्यावरूनच जास्त होतं. अशा असामान्य कौशल्याला 'सॅवंट' क्षमता म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९७८ मध्ये सुमारे ५,४०० स्वमग्न मुलांच्या पालकांकडून माहिती गोळा केली. त्यांतल्या ५३१ मुलांमध्ये, म्हणजे दहातल्या एकात, अशी काही क्षमता असल्याचं पालकांनी सांगितलं. पण त्यात पाढे, तारखा, सूर लक्षात ठेवणं असं बरंच काही मोडतं, आणि त्यातून पोट भरण्याइतकं काही साधेलच असं नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेच्या २०२० सालच्या पाहणीत, ज्यांच्या बुद्ध्यांकाची नोंद होती अशा आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३८ टक्क्यांचा बुद्ध्यांक ७० किंवा त्याहून कमी होता. तेव्हा वूची स्मरणशक्ती अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. तक्रार करणाऱ्या पालकांचा मुद्दा इथवर बरोबरच.

माझ्या मते मात्र या मालिकेतली स्वमग्नता कोर्टाच्या भाषणांत नाहीच. ती आहे हेडफोनमध्ये, फिरत्या दारात आणि किंबापमध्ये.

वू भुयारी रेल्वेत कानाला हेडफोन लावून बसते. लॉस एंजेलिसमध्ये शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांचे मेंदू एफएमआरआय यंत्रात तपासले. मुलांना रहदारीचा गोंगाट ऐकवला आणि त्यांच्या अंगाला टोचरं लोकरी कापड लावलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात इतर मुलांचा मेंदू थोड्या वेळानं त्या त्रासाला सरावला. ज्या स्वमग्न मुलांना आवाज-स्पर्शाचा एरवीही फार त्रास होतो, त्यांच्या मेंदूतली खळबळ तशी ओसरत नव्हती. त्यात अमिग्डला हा धोक्याची दखल घेणारा भागही होता. पंख्याची घरघर आपल्याला पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते. या मुलांसाठी ती दर क्षणी नव्यानं सुरू होत असावी. हेडफोन ही तऱ्हेवाईकपणाची खूण नव्हे, ती सोय आहे.

किंबाप म्हणजे भात आणि भाज्या समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात गुंडाळून कापलेल्या चकत्या. वूला तेच लागतं, कारण आत काय आहे ते सगळं दिसतं. चवीत किंवा दाताखाली अनपेक्षित काही येत नाही. एमआयटीतले पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेलं गृहीतक याच दिशेनं जातं. पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. स्वमग्न मेंदूला हा अंदाज बांधणं जड जातं, म्हणून जग त्याला अकस्मात घडणाऱ्या गोष्टींनी भरलेलं वाटतं, असं ते म्हणतात. ठरलेला क्रम, ठरलेलं जेवण यांचा हट्ट मग समजू शकतो. हे गृहीतक अजून सिद्ध झालेलं नाही, आणि सगळी स्वमग्नता एवढ्याने उलगडेल असं मला वाटत नाही. पण एका ताटलीतून ते प्रेक्षकाच्या गळी उतरवणाऱ्या पटकथाकार मून जी-वॉन यांना दाद द्यायला हवी.

कार्यालयाच्या फिरत्या दाराशी वू अडते आणि एक सहकारी तिला वॉल्ट्झचा ताल धरून आत शिरायला शिकवतो. प्रेक्षकांना त्यात प्रेमकथा दिसली, ती आहेच. पण शरीराच्या हालचालींचा मेळ बसवण्यात अनेक स्वमग्न व्यक्तींना अडचण येते, हे कितीतरी अभ्यासांत दिसलेलं आहे. निदानाच्या मुख्य निकषांत तिला जागा नाही, म्हणून तिच्याविषयी बोललं कमी जातं. तिकडे लक्ष जायला टीव्हीवरचं एक दार लागलं.

पालकांच्या तक्रारीला मालिकेनं स्वतःच तिसऱ्या भागात हात घातला. त्यात वूचा अशील जेमतेम काही शब्द बोलणारा स्वमग्न तरुण आहे. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या थोरल्या भावाच्या मृत्यूचा आरोप त्याच्यावर आहे, आणि वूला पाहून त्याच्या आईची जी घालमेल होते तीच घरोघरच्या पालकांची होती. याच भागात वू हान्स अ‍ॅस्पर्गरचं नाव घेते. या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं १९४४ मध्ये आपल्या निबंधात काही स्वमग्न मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं. इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं, की त्याच अ‍ॅस्पर्गरनं काही अपंग मुलांना 'आम श्पीगलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. नाझी काळात तिथे सुमारे ८०० मुलं मेली. हुशार स्वमग्न आणि बाकीचे अशी वाटणी कुठवर जाते, ते एवढ्यावरून कळतं.

वू आणि तो तरुण ही दोन टोकं. मधली माणसं पडद्यावर नाहीत, पण कोरियात त्यांची मोजदाद झालेली आहे. सोलजवळच्या गोयांग शहरातल्या इल्सान भागात ७ ते १२ वर्षांच्या सुमारे ५५,००० मुलांची पाहणी झाली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वमग्नतेचं प्रमाण २.६४ टक्के निघालं. त्या काळात अमेरिकेतला अंदाज एक टक्क्याच्या आत होता. यांतली दोन-तृतीयांश मुलं साध्या शाळांत शिकत होती, त्यांचं निदान झालेलं नव्हतं आणि त्यांना कसलीच मदत मिळत नव्हती. साध्या शाळांत सापडलेल्या या मुलांचा, शब्दांवर न बेतलेल्या चाचण्यांतला सरासरी बुद्ध्यांक ९८ होता, म्हणजे वर्गातल्या कुठल्याही मुलासारखाच.