शारीरिक सुदृढता आणि तिचे घटक

रोजची कामे फारशी दमछाक न होता उरकणे, त्यानंतरही अंगात उत्साह उरणे आणि अचानक आलेला ताण शरीराला पेलता येणे, या क्षमतेला शारीरिक सुदृढता म्हणतात. ही एकच क्षमता नव्हे, अनेक स्वतंत्र क्षमतांचा समुच्चय आहे. कॅस्पर्सन, पॉवेल आणि ख्रिस्टेनसन या संशोधकांनी १९८५ मध्ये केलेली विभागणी आजही सर्वत्र वापरली जाते. तिच्यानुसार दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा चिवटपणा, लवचिकता आणि शरीरातील मेदाचे प्रमाण हे पाच घटक आरोग्याशी निगडित आहेत. चपळता, तोल, समन्वय, वेग, स्फोटक शक्ती आणि प्रतिक्रियाकाळ हे सहा कौशल्याशी. एका घटकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूला वाकून पायाची बोटे धरता येत नाहीत, तर भरपूर वजन उचलणाऱ्याला तीन जिन्यांत धाप लागते. म्हणून प्रत्येक घटक वेगळा मोजावा लागतो आणि वेगळा कमवावाही लागतो.

दमदारपणा म्हणजे बोलीतला दमसास. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि त्या रक्तातून स्नायू किती प्राणवायू काढून घेतात, या दोहोंवर तो ठरतो. प्रयोगशाळेबाहेर तो मोजण्यासाठी अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची १९६८ ची १२ मिनिटांची धाव सोयीची आहे. सपाट मार्गावर १२ मिनिटांत कापलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले, की प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता (मिलिलिटर, दर किलो वजनामागे, दर मिनिटाला) अंदाजे मिळते. २,४०० मीटरला ती सुमारे ४२ येते. नवखे लोक पहिली दोन मिनिटे जोरात पळतात आणि मग चालू लागतात. अशा वेळी आलेला आकडा दमसासाचा नसून चुकलेल्या गतीचा असतो. एकदा सराव करून दुसऱ्या खेपेचा आकडा धरावा. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे असा त्रास असलेल्याने वैद्यकीय तपासणीपूर्वी ही चाचणी करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल करावी. बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोमदार. ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढलेले हृदयाचे दर मिनिटाचे कमाल ठोके प्रत्यक्षापेक्षा दहा-बारांनी सहज चुकतात, त्यामुळे बोलण्याची ही कसोटीच अधिक उपयोगी.

ताकद म्हणजे स्नायूने एकदाच लावता येणारा जास्तीत जास्त जोर. चिवटपणा म्हणजे कमी जोर पुन्हापुन्हा किंवा बराच वेळ लावणे. नवशिक्याने ८ ते १२ वेळा नीट उचलता येईल एवढे वजन घ्यावे, दोन-तीन फेऱ्या कराव्यात आणि त्याच स्नायूंना साधारण ४८ तास विश्रांती द्यावी. पहिल्या काही आठवड्यांत उचलता येणारे वजन भराभर वाढते, पण दंड होता तेवढाच दिसतो, कारण सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: अधिक स्नायूतंतू एकाच वेळी कामाला लागतात. घात इथेच होतो. स्नायूबंध (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात आणि घाईने वाढवलेला भार त्यांना दुखावतो. श्वास कोंडून वजन उचलल्यास रक्तदाब झपकन चढतो. उचलताना श्वास सोडावा. जोर-बैठकांनी चिवटपणा मोजताना कंबर खचली की मोजणी थांबवावी, नाहीतर पुढचा आकडा निरर्थक ठरतो.

लवचिकता सांध्यागणिक बदलते; खांदे मोकळे म्हणून कंबर मोकळी असेलच असे नाही. अंग गरम झाल्यावर स्नायूला दिलेला ताण १० ते ३० सेकंद स्थिर धरावा, दर स्नायूला एकूण मिनिटभर. हिसके देऊ नयेत. उडी किंवा वेगवान धावेच्या अगदी आधी मिनिटाहून जास्त धरलेला ताण स्नायूचा जोर काही काळ कमी करतो.

मेदाचा अंदाज घेताना वापरला जाणारा, वजन भागिले उंचीचा वर्ग (किलो व मीटरमध्ये) हा निर्देशांक मेद आणि स्नायू यांत फरक करत नाही. जोडीला कंबरेचा घेर घ्यावा: शेवटची बरगडी आणि कटिअस्थीचा (कमरेच्या हाडाचा) वरचा काठ यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, फीत न आवळता. विद्युतप्रवाहाने मेद मोजणारे काटे शरीरातील पाण्यानुसार आकडा बदलतात, म्हणून रोज ठरलेल्या वेळीच तुलना करावी.

कौशल्य-घटकांपैकी तोल आणि स्फोटक शक्ती या दोहोंना खेळाडूंपुरते मानणे चूक आहे. स्फोटक शक्ती म्हणजे वेगाने लावलेला जोर. वाढत्या वयात ती ताकदीपेक्षा लवकर घटते आणि ठेचकाळल्यावर सावरण्यासाठी तीच लागते. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा सराव सुचवला जातो. प्रतिक्रियाकाळ साध्या पट्टीने कळतो: दुसऱ्याने सोडलेली पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली, तर सुमारे ०.२ सेकंद.

एकाच सत्रात अनेक घटक घ्यायचे असल्यास अंग गरम केल्यावर, ताजेतवाने असतानाच तोल, वेग आणि उड्या घ्याव्यात, मग ताकद, त्यानंतर दमदारपणा आणि शेवटी लवचिकतेचे ताण. व्यायाम बंद पडला तर दमसास दोन ते चार आठवड्यांत घटू लागतो. ताकद त्याहून जास्त टिकते.